अग्निसुरक्षा तपासणी, तळघर ते गच्ची आणि आवार: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर: कागद आणि नकाशे

इमारत तळघर, तळमजला आणि वर सहा मजले अशी. तळघरात पार्किंग व पंपघर, तळमजल्यावर स्वागतकक्ष आणि उपाहारगृह, मधल्या मजल्यांवर कार्यालयं, सहाव्यावर प्रशिक्षण सभागृह आणि अभिलेख कक्ष. जिने दोन, 'अ' आणि 'ब'. लिफ्टही दोन. आवारात ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, गॅस सिलिंडरांची खोली आणि जमिनीखाली पाण्याची टाकी.

सकाळ कागद चाळण्यात गेली. देखभालीची वही अगदी नेटकी आहे आणि मला तेच खटकलं. महिन्यामागून महिने प्रत्येक ओळीपुढे 'ठीक'. एकही दिवा गेलेला नाही, एकही बॅटरी बदललेली नाही, धूर किंवा उष्णता ओळखणारा एकही डिटेक्टर बिघडलेला नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत असं होत नसतं. खाडाखोड असलेल्या वहीवर माझा जास्त विश्वास बसतो.

नकाशातला चौथा मजला म्हणजे एक मोकळा हॉल. प्रत्यक्षात छताला भिडणाऱ्या काचेच्या भिंती घालून तिथे केबिनची रांग केली आहे. डिटेक्टर आणि छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर मात्र जुन्या हॉलच्या हिशेबाने होते तिथेच राहिले. त्यामुळे काही केबिनमध्ये एकही नाही आणि मधल्या अरुंद वाटेत ओळीने तीन.

संध्याकाळी बसून पद्धत ठरवली. वस्तू जागेवर आहे का, हे नेहमीच्या तक्त्यात विचारलेलं असतंच. त्या वस्तूने पुढे कोणाला कामाला लावायचं आणि ते खरंच लागतं का, यासाठी आम्ही वेगळा रकाना जोडला. डिटेक्टरने अलार्मच्या पॅनेलला कळवायचं. पॅनेलने हूटर वाजवायचा, लिफ्ट खाली आणायच्या, वातानुकूलनाचे पंखे थांबवायचे, दारं उघडी धरणारी चुंबकं सोडायची. पाण्याचं प्रेशर उतरलं की पंपाने उठायचं. यातली एक कडी निखळली तरी बाकीच्या कड्या तक्त्यात 'ठीक'च दिसतात.

४ नोव्हेंबर: जिने आणि दारं

जिना 'अ' चांगला. रुंद, हवेशीर, मोकळा. जिना 'ब' मात्र इमारतीचं अडगळीचं कपाट झाला आहे: तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्या, पाचव्यावर फाइलींचे गठ्ठे. हलवायला सांगितलं की लोक तासाभरात हलवतात आणि पंधरवड्यात परत आणून ठेवतात. म्हणून त्या खुर्च्या कुठे ठेवायच्या याचं उत्तर अहवालात द्यायचं ठरवलं. जागा दिली नाही तर जिना रिकामा राहणार नाही.

आग आणि धूर अडवणारी फायर डोअर प्रत्येक मजल्यावर आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरची दारं लाकडी पाचर मारून उघडी ठेवली होती. चौथ्याच्या दाराला ते आपोआप मिटवणारा वरचा क्लोजरच नाही. विचारलं तर शिपाई म्हणाले, "साहेब, दिवसभर ट्रॉली न्यायची असते, दार अंगावर येतं." कारण रास्त आहे. इथे चुंबकाने उघडं धरणारी कळ लावावी; अलार्म झाला की पॅनेल चुंबकाचा प्रवाह तोडेल आणि दार आपोआप मिटेल. नुसती सूचना चिकटवून पाचर जाणार नाही.

दाराच्या कडेची फट आम्ही पात्यांच्या गेजने मोजतो. ३ ते ४ मिलिमीटर असेल तर उत्तम. बहुतेक दारं या मापात बसली, पण रंगकाम करताना धूर अडवणाऱ्या ब्रशच्या पट्ट्याही रंगवून टाकल्या आहेत. त्यांचे केस कडक झाले, ते आता फटीला चिकटत नाहीत. पट्ट्या बदलणं स्वस्त आणि सोपं, लगेच करून घ्यावं.

तळमजल्यावर जिना 'ब'च्या बाहेरच्या दाराला पॅनिक बार आहे. अंगाने दाबला की दार उघडतं. १९०३ साली शिकागोच्या इरॉक्वा थिएटरमध्ये आग लागली तेव्हा कित्येक दारांचे अडसर लोकांना उघडताच आले नाहीत आणि ६०० हून अधिक माणसं दगावली. हा बार त्यानंतर वापरात आला. आपल्या दारावर त्याच्या वर एक हातभर कडी बसवून तिला कुलूप घातलंय. चोरीच्या भीतीने. कुलूप आजच काढायला लावलं. चोरीची काळजी असेल तर दार उघडताच वाजणारी घंटा लावा, हा पर्याय सुरक्षा प्रमुखांना पटला.

आणखी एक बाब कोणाच्या लक्षात आली नव्हती. जिना 'ब' तळमजल्यावर न थांबता तसाच तळघरात उतरतो. धुरात, घाईत, कठड्याला हात लावून उतरणारा माणूस बाहेरचं दार ओलांडून थेट पार्किंगमध्ये जाईल. तळमजल्याच्या वळणावर आडवं फाटक आणि तळघराकडे जाणारा भाग भिंत व फायर डोअर घालून वेगळा करणं, हे काम 'तातडीचं' या यादीत टाकलं.

५ नोव्हेंबर: शाफ्ट

कालचा दिवस लोकांच्या वाटेचा होता, आजचा धुराच्या वाटेचा. आगीत बहुतेक माणसं भाजून जात नाहीत, धुराने जातात. धुराला जिना लागत नाही. त्याला मनगटाएवढं भोक पुरतं.

प्रत्येक मजल्यावर विजेचा शाफ्ट, म्हणजे केबल वर नेणारी उभी पोकळी. मूळ बांधकामात केबलभोवतीची भोकं आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवली होती, त्याच्या खुणा अजून दिसतात. मग वेळोवेळी इंटरनेटच्या, कॅमेऱ्यांच्या, इंटरकॉमच्या केबल आल्या. प्रत्येकाने आपल्यापुरतं भोक पाडलं आणि बुजवायचं काम पुढच्यावर सोडलं. दोन मजल्यांवर कोणी तरी पिवळ्या फोमचे फवारे मारून भोकं बंद केली आहेत. दिसायला बंद, पण हा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम स्वतःच पेट घेतो. पहिल्या मजल्यावर शाफ्टच्या दारात स्मोक पेन, म्हणजे धुराची बारीक रेघ सोडणारी कांडी, धरली. धुराची रेघ झटक्यात आत ओढली गेली आणि वर निघाली. साध्या दिवशी, आग नसताना. हा शाफ्ट म्हणजे सहा मजली धुराडं आहे.

शिफारस: सगळे फोम काढून प्रमाणित फायरस्टॉप साहित्य भरावं, प्रत्येक भोकाला क्रमांक द्यावा, फोटो ठेवावा. यापुढे केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराचं बिल त्याने भोक बुजवल्याच्या फोटोशिवाय मंजूर होऊ नये. अनुभव असा की बाकी सूचना विसरल्या जातात, बिलाची अट कोणी विसरत नाही.

दोन शाफ्टमध्ये झाडू, फिनेलचे कॅन आणि कागदी खोकी. काढून घेतली.

वातानुकूलनाच्या डक्टमधले फायर डँपर, म्हणजे आगीत डक्ट बंद करणाऱ्या झडपा: पाती उघडी धरणारी दुवापट्टी साधारण ७० अंशांच्या पुढे वितळते आणि पाती मिटतात, अशी योजना. तिसऱ्या मजल्यावर पाती खडखडतात म्हणून तारेने बांधून ठेवली आहेत. दुवा वितळला तरी तार वितळणार नाही. इतर डँपरांना तपासायला झडपच ठेवलेली नाही, म्हणजे बसवल्यापासून त्यांच्याकडे कोणी पाहिलेलं नसणार.

६ नोव्हेंबर: अग्निशामक सिलिंडर

चटकन आटोपलं. एबीसी पावडरचे सिलिंडर जागेवर, काटे हिरव्या पट्ट्यात, पिना शाबूत. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्यामुळे तो वजन करूनच कळतो. गॅस १० टक्क्यांहून अधिक उडालेला असेल तर भरून आणावा लागतो. सर्व्हर खोलीतला एक तसा निघाला. उपाहारगृहात मोठ्या कढया तापतात आणि तिथे फक्त पावडरचा सिलिंडर आहे. पेटलेल्या तेलावर पावडर ज्वाळा दाबते पण तेल थंड करत नाही, ते पुन्हा भडकू शकतं. तिथे वेट केमिकलचा सिलिंडर हवा, फायर ब्लँकेटही. चिमणीच्या जाळ्यांवर तेलाचा थर आहे तो वेगळाच.

७ नोव्हेंबर: वीज

दुपारी पूर्ण भार असताना थर्मल कॅमेरा लावला. रिकाम्या वेळी हा कॅमेरा फिरवणं म्हणजे फोटो काढणं, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या मजल्याच्या विजेच्या पॅनेलमध्ये एका फेजचा जोड शेजारच्या दोघांपेक्षा चाळीसेक अंशांनी तापलेला. सैल बोल्ट. वीज बंद करून आवळला, पुन्हा पाहिला, तिन्ही सारखे. केवळ बोल्टने निभावलं. इन्सुलेशन अजून काळं पडलेलं नव्हतं.

एक्स्टेन्शन बोर्डात एक्स्टेन्शन बोर्ड, हे चित्र जवळपास प्रत्येक मजल्यावर. तळघरात इलेक्ट्रिक दुचाक्यांचं चार्जिंग नेमकं जिना 'ब'च्या दारात. लिथियम बॅटरी बिघडून तापू लागली की एका सेलची उष्णता पुढच्या सेलला पेटवत जाते, विषारी वायू सुटतो, आणि विझली असं वाटल्यावरही काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. चार्जिंग उघड्या आवारात, इमारतीपासून दूर, स्वतंत्र सर्किटवर न्यावं. दुचाकीवाल्यांनी कुरकुर केली. करू देत.

१० नोव्हेंबर: पंपघर

आजची नोंद लांबणार.

पंपघर दिसायला फार छान. ताजा लाल रंग, बाण काढलेले, फरशी पुसलेली. तीन पंप: प्रेशर राखणारा छोटा जॉकी, मुख्य विजेचा, आणि वीज गेली तर डिझेलचा. पाइपमधलं प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो. टेस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. ६ ला जॉकी सुरू झाला. आणखी उघडला. ५ ला मुख्य पंपाने उठायला हवं होतं. काटा ४ च्या खाली गेला तरी तो गप्प.

मुख्य पंपाचा सिलेक्टर स्विच 'मॅन्युअल'वर, म्हणजे हाताने सुरू करायच्या खुणेवर होता. पंप सांभाळणाऱ्या काकांनी काही लपवलं नाही. कुठल्या तरी होज रीलचा (आगीवर मारायच्या पाण्याच्या गुंडाळलेल्या नळीचा) नळ गळत होता, प्रेशर पडून पंप रात्री आपोआप सुरू झाला आणि सकाळपर्यंत चालत राहिला. मुख्य पंप एकदा सुरू झाला की माणसानेच थांबवायचा असतो, हे नियमाला धरूनच आहे. पण त्याचा ठपका काकांवर आला. तेव्हापासून 'मॅन्युअल'. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. गळका नळ दुरुस्त करणं हा खरा उपाय होता आणि ते काम त्यांच्या हातात नव्हतं.

'ऑटो'वर टाकल्यावर मुख्य पंप बरोबर ५ ला उठला. मग डिझेल. इंजिन ढिम्म. डिझेल भरलेलं, तेल ठीक, बॅटरी मेलेली. चार्जरचा छोटा ब्रेकर पडलेला होता आणि चार्जरचा दिवा पाइपांच्या मागे असल्याने दिसत नव्हता.

दुपारी बॅटरी बदलून पंपांची क्षमता मोजली. पाणी बंद असताना प्रेशर ठरलेल्या प्रेशरच्या १४० टक्क्यांच्या आत राहायला हवं, आणि क्षमतेच्या दीडपट पाणी सोडल्यावर किमान ६५ टक्के प्रेशर टिकायला हवं. दोन्ही पंप या कसोटीला सहज उतरले. यंत्रं उत्तम आहेत. कोणी तरी चांगले पैसे खर्चून चांगले पंप घेतले होते.

खरी गोष्ट सापडली ती केबलचा माग काढताना. मुख्य पंपाची वीज इमारतीच्या मेन ब्रेकरच्या पुढून घेतलेली आहे. आग लागल्यावर अग्निशमन दलाचे जवान पहिल्यांदा इमारतीची वीज तोडतात. पाणी मारताना वीज चालू ठेवता येत नाही. म्हणजे ज्या क्षणी जवान मेन पाडतील त्या क्षणी पंप बंद. कार्यालय सुटल्यावर मेन पाडून पाहिला आणि पंपाचा दिवा विझला. त्यानंतर उरतो डिझेल पंप, आणि सकाळी त्याची बॅटरी मेलेली होती. वहीत दोन्ही पंपांपुढे 'ठीक' आहे आणि एकेकटं पाहिलं तर ते फारसं खोटंही नाही.

पंपाची वीज मेन ब्रेकरच्या अलीकडून, स्वतंत्र केबलने, आगीत टिकणाऱ्या वाटेने यायला हवी. ब्रेकरवर 'फायर पंप, बंद करू नये' असा फलक हवा. यादीत पहिल्या क्रमांकावर.

तिसऱ्या मजल्याचा स्प्रिंकलर व्हॉल्व्ह बंद सापडला. मागे गळतीच्या दुरुस्तीसाठी मिटलेला, पुन्हा उघडलेलाच नाही. उघडून साखळी-कुलूप घातलं. व्हॉल्व्ह फिरवताच पॅनेलवर कळेल असा स्विच बसवायला लिहिलं.

११ नोव्हेंबर: अलार्म

पॅनेलवर एक पिवळा दिवा कायम जळत असतो. स्वागतकक्षातल्या मंडळींना तो सजावटीचा वाटत असावा. त्याचा अर्थ डिटेक्टरांचा एक झोन (भाग) बंद करून ठेवलाय: उपाहारगृहाची वाट. तिथे धुराचा डिटेक्टर आहे, फोडणीची वाफ त्याच्यापर्यंत पोचते आणि रोज हूटर वाजतो. तिथे उष्णतेचा डिटेक्टर लावला की भांडण मिटेल. पाचव्या मजल्यावर रंगकामाच्या वेळी चढवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या काही डिटेक्टरांवर अजून तशाच. काढल्या.

मग एकेका डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडून पुढे काय काय होतं ते पाहिलं. पाचव्या मजल्यावर धूर सोडला, पॅनेलवर अक्षरं आली 'तिसरा मजला, पूर्व'. डिटेक्टर बदलताना पत्ता चुकीचा टाकलेला. रखवालदार जीव खाऊन धावला असता आणि चुकीच्या मजल्यावर पोचला असता.

हूटर मार्गिकांमध्ये खणखणीत, सभागृहाचं दार लावून माइक चालू ठेवला की जेमतेम. आत एक हूटर आणि लुकलुकणारा दिवा हवा. लिफ्ट क्रमांक १ शहाण्यासारखी तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबली. क्रमांक २ वर जातच राहिली. तिची वायर पॅनेलमध्ये सुटी लोंबकळत होती. वातानुकूलनाचे पंखे थांबले. चुंबकाची दारं सुटली. अभिलेख कक्षाच्या दाराला मात्र वीज गेली तरी बंदच राहणारा बोल्ट आहे आणि आतून मूठ नाही. आत माणूस असेल तर अडकला. आतून हाताने उघडणारी मूठ बसेपर्यंत तो बोल्ट काढून ठेवायला सांगितला.

त्याच खोलीत फायली थेट छताला भिडल्यात. स्प्रिंकलरखाली साधारण ४५ सेंटिमीटर मोकळं असावं, नाहीतर पाण्याची छत्री उघडतच नाही. खोली सांभाळणाऱ्या बाईंची भीती वेगळी: "एक फुटला की सगळे फुटतात आणि सगळे कागद भिजतात." सिनेमात तसं दाखवतात खरं. इथल्या स्प्रिंकलरमध्ये लाल काचेची नळी आहे, ती ६८ अंशांना फुटते, आणि जिच्याखाली आग तीच फुटते. हे कळल्यावर वरचा कप्पा रिकामा करायला त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

१२ नोव्हेंबर: आवार

आवार सगळ्यांनी शेवटावर ढकललेलं असतं. मी ते बंबाच्या चालकाच्या नजरेने पाहतो: शिरायचं कुठून, वळायचं कुठे, पाणी कुठलं.

पश्चिमेच्या फाटकावर शोभेची कमान, तिच्या खालून शिडीचा बंब जाणार नाही. पूर्वेचं फाटक रुंद, पण वळणावर गाड्या लागतात. पाण्याच्या टाकीचं छत नेमकं पश्चिमेच्या वाटेत येतं. भरलेला बंब कित्येक टनांचा. त्या छताला किती भार चालतो याचा कागद कोणाकडे नाही.

टाकीतून बंबाला पाणी ओढायचं तर झाकण उघडायला हवं, आणि किल्ली सापडायला दुपार झाली. पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर, म्हणून सिद्धांतात दहाएक मीटर आणि व्यवहारात सातएक मीटर खोलीच्या पुढे काहीच येत नाही. आपली टाकी उथळ आहे, अडचण फक्त कुलपाची. बंबातून इमारतीच्या पाइपात पाणी चढवायचं तोंड शोभेच्या कुंड्यांमागे लपलंय, आतले रबरी वॉशर गायब.

गॅसच्या खोलीची हवाझरोके वगैरे रचना चांगली, पण तळघराचा उतार तिच्यापासून चार पावलांवर सुरू होतो. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर उताराने सरळ तळघरात. एक तर खोली हलवा, नाहीतर मध्ये बांध घालून गॅस डिटेक्टर बसवा. मला पहिला पर्याय बरा वाटतो.

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणात वाळका पाला आणि टाकून दिलेलं फर्निचर. तेल मुरण्याच्या खड्ड्यातली खडी मातीने भरून गेलेली. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून आग सुरू झाली, खालच्या गाड्यांनी पेट घेतला आणि धूर वर चढून ५९ जण दगावले. इथला ट्रान्सफॉर्मर सुदैवाने इमारतीबाहेर आहे. पाला आणि गाड्या तरी त्याच्यापासून लांब ठेवता येतात.

जमायची जागा काचेच्या दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी रंगवली आहे. उष्णतेने काच तडकते आणि खाली येते. जागा मागच्या मैदानात हलवावी.

१३ नोव्हेंबर: अंधार

रात्री दिव्यांची सर्किटं पाडली. आपत्कालीन दिवे दीड तास जळायला हवेत. निम्मे जळले, बाकीच्यांनी वाटेत मान टाकली. बॅटऱ्या जुन्या.

अंधारात चमकणारे बाणांचे फलक उच्च दर्जाचे आहेत, तरी जिना 'ब'मध्ये जवळजवळ दिसेनात. हे फलक दिवसभर उजेड पिऊन रात्री चमकतात. जिन्यात वीज वाचवायला माणूस आला की लागणारे दिवे बसवलेत आणि त्या जिन्याने फारसं कोणी जातच नाही. फलकांना उजेडच मिळत नाही. वीजबचत करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं, फलक लावणाऱ्यांनीही. त्या जिन्यात मंद दिवे कायम चालू ठेवावेत.

१८ नोव्हेंबर: कवायत

पूर्वसूचना फक्त व्यवस्थापनाला. माणसं ज्या वाटेने रोज येतात त्याच वाटेने पळतात, हे पुन्हा दिसलं: जिना 'अ'मध्ये रेटारेटी, जिना 'ब' रिकामा. पाचव्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीतल्या एक ताई जिन्याच्या दाराशी थांबून राहिल्या. त्यांना कोणी उतरवायचं हे ठरलेलंच नव्हतं. दोन माणसं आणि त्यांच्या रजेच्या दिवसासाठी आणखी दोन, अशी नेमणूक त्यांनाच विचारून केली. उतरायची खुर्चीही मागवली.

रखवालदाराने हूटर वाजताच आधी तो गप्प केला आणि मग फोन लावला. क्रम उलटा हवा.

२ डिसेंबर: फेरतपासणी

पंपाची नवी केबल आली. मेन पाडला, पंप चालू राहिला. डिझेलची बॅटरी पूर्ण, चार्जरचा दिवा आता दारातून दिसतो. गळकी होज रील बदलली, सिलेक्टर 'ऑटो'वर, आणि रात्री पंप उठला तर कोणाला कळवायचं हे काकांना लेखी दिलं आहे. पॅनेलवरचा पिवळा दिवा विझला. लिफ्ट क्रमांक २ खाली येते. शाफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत बुजवून झाले, स्मोक पेनची रेघ आता जागेवरच रेंगाळते.

जिना 'ब'मध्ये पुन्हा दोन खुर्च्या दिसल्या. अडगळीची खोली अजून दिलेली नाही.

उरलेलं: चौथ्या मजल्याच्या केबिनसाठी स्प्रिंकलरचा नवा आराखडा, तळमजल्यावर जिना 'ब'चा तळघराकडचा भाग वेगळा करणं, गॅसच्या खोलीचा निर्णय. टाकीच्या छताच्या भारक्षमतेचा कागद येईपर्यंत बंबाची वाट पूर्वेच्या फाटकातूनच. वळणावरचं पार्किंग आजपासून बंद, पट्टे उद्या रंगवणार.